एका कुळांतले वैरी
1952 सालीं पुण्यांत विषाणु संशोधन केंद्र स्थापन झालें. डासांनीं पसरणाऱ्या रोगांच्या खुणा तेथें लोकांच्या रक्तांत शोधतांना एक कोडें पडलें. डेंगू, जपानी मेंदूज्वर, पीतज्वर यांचे विषाणु एकाच कुळांतले. एकाशीं झुंजलेलें रक्त दुसऱ्यालाही ओळखतें. मग खूण कोणाची समजावी?

पीतज्वर वाहणारा डास येथें असूनही त्याची साथ हिंदुस्थानांत कधीं आली नाहीं. ही जुनी ओळखच आड आली असावी, असा एक तर्क आहे. रक्तांतील टी-पेशी या कुळाचे समान अंश हेरतात, हें पुढें कळलें.

परंतु अर्धी ओळख घातकही ठरते. डेंगूची पहिली लस घेतलेल्या, पण पूर्वीं डेंगू न झालेल्या मुलांना पुढें तीव्र डेंगूचा धोका वाढतो, असें 2017 सालीं उघड झालें. लस टोंचण्याआधीं रक्ताचा इतिहास वाचावा, हाच त्याचा धडा.