मॉरिशसच्या समुद्रात खरंच धबधबा आहे का? हेलिकॉप्टर राइडमध्ये काय दिसतं आणि बुक करण्याआधी काय विचारायचं?

हा व्हिडीओ तुमच्या फीडवर एकदा तरी येऊन गेला असेल. निळंशार पाणी, कडेला समुद्रात घुसलेला एक उभा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी समुद्राच्या पोटातच पाणी खोल दरीत कोसळतंय. खाली कमेंट्सही ठरलेल्या असतात. कुणी म्हणतं एडिट केलंय, कुणी म्हणतं एआय आहे आणि कुणीतरी विचारतंच, मग समुद्र रिकामा कसा होत नाही?

तर जागा खरी आहे. दृश्यही खरं आहे. धबधबा मात्र नाही.

हे दृश्य बघायचं असेल तर बोटीत बसून उपयोग नाही, हवेतच जावं लागतं. म्हणूनच मॉरिशसला जाणाऱ्या, विशेषतः हनिमूनला निघालेल्या अनेकांच्या यादीत 15 ते 60 मिनिटांची हेलिकॉप्टर राइड असते. ट्रिपमधल्या महागड्या गोष्टींपैकी ही एक. त्यामुळे पैसे भरण्याआधी आपण नेमकं काय बघणार आहोत आणि कशात बसणार आहोत, हे समजून घेतलेलं बरं.

ही जागा नेमकी कुठे आहे?

मॉरिशस हा हिंदी महासागरातला, मादागास्करच्या पूर्वेचा देश. मुख्य बेट ज्वालामुखीतून तयार झालंय. उत्तर-दक्षिण लांबी साधारण 65 किलोमीटर आणि रुंदी 45 किलोमीटरच्या आसपास. मुंबईहून थेट विमानानं साधारण सहा तास लागतात.

व्हिडीओतला तो डोंगर म्हणजे ल मोर्न ब्राबां. बेटाच्या नैऋत्य टोकाला आहे, उंची 556 मीटर. 'धबधबा' त्याच्या समोरच्या समुद्रात दिसतो.

पाणी पडत नाही, मग पडताना दिसतं कसं?

मॉरिशसच्या बऱ्याचशा किनाऱ्याला प्रवाळाची, म्हणजे कोरलची रांग आहे. ही रांग आणि किनारा यांच्यामध्ये उथळ, शांत पाण्याचा पट्टा तयार होतो. त्याला लगून म्हणतात. बाहेरच्या मोठ्या लाटा प्रवाळावर आपटतात आणि त्यांचं पाणी लगूनमध्ये येऊन पडतं. आत आलेल्या पाण्याला बाहेर जायलाही वाट लागते. ती मिळते प्रवाळाच्या रांगेतल्या खिंडींमधून. ओहोटीला खाडीच्या मुखातून पाणी कसं ओढ घेतं, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. इथेही ओढ तशीच, फक्त ती लाटांनी आत टाकलेल्या पाण्याची.

ल मोर्नसमोर अशीच एक खिंड आहे. तिथून बाहेर पडणारा प्रवाह तळाची पांढरी वाळू आणि गाळ सोबत नेतो. खिंडीच्या पलीकडे तळ उतरत जातो, त्यामुळे वाळूचे पांढरे पट्टे त्या उतारावर पसरलेले दिसतात. आपल्याला कोसळणारं पाणी वाटतं ते हेच.

उरलेलं काम रंग करतात. सूर्यप्रकाशातला लाल रंग पाणी लवकर शोषून घेतं, निळा सगळ्यात आत जातो. त्यामुळे पांढऱ्या वाळूवरचं उथळ पाणी फिकट हिरवट-निळं दिसतं आणि खोल पाणी गडद निळं. वरून बघताना आपला मेंदू फिकट रंगाला फेस समजतो आणि गडद रंगाला दरी. थोडक्यात, हा दृष्टिभ्रम आहे.

समुद्र रिकामा का होत नाही, याचं उत्तरही यातच आहे. पाण्याची पातळी दोन्ही बाजूंना सारखीच आहे. खाली जाते ती वाळू.

आता या वाळूबद्दल एक गंमत. यातली बरीचशी वाळू म्हणजे प्रवाळाचा आणि शंखशिंपल्यांचा चुरा असतो. पॅरटफिश नावाचे मासे प्रवाळ कुरतडतात आणि त्याचा भुगा विष्ठेतून बाहेर टाकतात. तीही वाळूच. म्हणजे प्रवाळ आणि हे मासे टिकले, तरच नवी वाळू बनत राहणार.

अनेक पोस्टमध्ये लिहिलेलं असतं की हा धबधबा हजारो मीटर खोल आहे. बेटापासून दूर समुद्र हजारो मीटर खोल आहे, हे खरं. पण कितीही स्वच्छ पाणी असलं तरी हवेतून तळ दिसतो तो काही दहा मीटरपर्यंतच. त्यापुढे नुसता गडद निळा. म्हणजे फोटोत दिसणारी 'दरी' हजारो मीटरची नाही. रील्समध्ये रंग बरेचदा आणखी गडद केलेले असतात, त्यामुळे प्रत्यक्षात दृश्य थोडं फिकं वाटू शकतं.

मग समुद्राखाली खरा धबधबा नसतोच?

असतो. ग्रीनलँड आणि आइसलँडच्या मधल्या डेन्मार्क सामुद्रधुनीत थंड, जड पाणी तुलनेनं उबदार पाण्याखालून समुद्रतळाच्या उतारावरून खाली जातं. हा उतार 3 किलोमीटरहून जास्त आहे आणि जगातला सगळ्यात मोठा धबधबा म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. पण तो कुठूनही दिसत नाही. थोडक्यात, जो खरा आहे तो दिसत नाही आणि जो दिसतो तो खरा नाही.

ज्या डोंगराभोवती घिरट्या घालतात, त्याची गोष्ट काय?

रीलमध्ये ल मोर्न फक्त बॅकग्राउंडला असतो. मॉरिशसच्या लोकांसाठी मात्र तो धबधब्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मालकांच्या तावडीतून पळालेले गुलाम या डोंगराच्या गुहांमध्ये आणि माथ्यावर लपून राहायचे. तिन्ही बाजूंनी समुद्र आणि वर चढायला अवघड कडा, त्यामुळे पकडले जाण्याची भीती कमी.

1 फेब्रुवारी 1835 रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. ही बातमी सांगायला शिपाई डोंगराकडे आले, पण आपल्याला पकडायलाच आलेत असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा तिथे पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. 2008 मध्ये युनेस्कोनं ल मोर्नला जागतिक वारसा स्थळ म्हणून मान्यता दिली. 1 फेब्रुवारीला आजही मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते.

गुलामगिरी संपत असताना उसाच्या मळ्यांवर कामाला माणसं आणली गेली ती भारतातून. 1834 पासून 1920 पर्यंत सुमारे 5 लाख मजूर पोर्ट लुईच्या बंदरात उतरले. त्यात मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठी लोकही होते. मजूर जिथे उतरायचे ती जागा, म्हणजे आप्रवासी घाट, 2006 पासून जागतिक वारसा आहे. आणि हो, मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

राइड किती मिनिटांची घ्यावी?

इथे अनेकांचा हिशोब चुकतो. सगळ्यात स्वस्त म्हणून 15 मिनिटांचं पॅकेज घेतलं जातं, पण ते उडतं कुठून हे कुणी बघत नाही.

मॉरिशसचा विमानतळ बेटाच्या आग्नेय बाजूला आहे. तिथून ल मोर्न सरळ रेषेत साधारण 38 किलोमीटर. हेलिकॉप्टर ताशी 200 किलोमीटरच्या वेगानं गेलं तरी एका बाजूला 11-12 मिनिटं लागतात. उत्तरेकडच्या ग्राँ बे भागातून अंतर साधारण 55 किलोमीटर, म्हणजे जायलाच 16-17 मिनिटं. त्यामुळे 15 मिनिटांच्या राइडमध्ये 'धबधबा' दिसेल की नाही, हे उड्डाणाच्या जागेवर ठरतं. बुकिंग करताना 'अंडरवॉटर वॉटरफॉल या राइडमध्ये आहे का' असं थेट विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

जास्त वेळाच्या राइडमध्ये शामारेलचा धबधबा (हा खरा आहे), सप्तरंगी मातीचे उंचवटे, लगूनमधलं बेनितिए बेट, उसाची शेतं आणि आतला डोंगराळ भाग अशा गोष्टी येऊ शकतात.

'प्रायव्हेट' म्हणजे पूर्ण हेलिकॉप्टर तुमच्यासाठी, दर फेरीचा. 'शेअरिंग' म्हणजे दर माणशी आणि सोबत अनोळखी लोक. चार जणांचं कुटुंब असेल तर दोन्हींचा हिशोब करून बघा, फरक कधी कधी वाटतो तेवढा नसतो.

खिडकीची सीट मागून मिळते का?

शक्यतो नाही. छोट्या हेलिकॉप्टरमध्ये प्रत्येकाचं वजन करतात आणि तोल सांभाळला जाईल अशा पद्धतीनं पायलट जागा देतो. म्हणून बुकिंगच्या वेळी वजन कमी सांगू नका. काही ठिकाणी ठरावीक मर्यादेपेक्षा वजन जास्त असेल तर जादा पैसे घेतात, तेही आधीच विचारून घ्या.

फोटोसाठी गडद रंगाचे कपडे घाला. पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब काचेत येतं. सूर्य वर आलेला असताना, म्हणजे सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत, पाण्याचे रंग सगळ्यात छान दिसतात.

कोणत्या महिन्यात जायचं?

मे ते ऑक्टोबर हा तिथला हिवाळा. पाऊस तुलनेनं कमी असतो, पण आग्नेयेकडून येणारे वारे जोरात असतात. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, आणि चक्रीवादळांचा हंगामही तोच. त्यातही जानेवारी ते मार्च जास्त जोखमीचे. जानेवारी 2024 मध्ये 'बेलाल' चक्रीवादळानं पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या वाहून गेल्या होत्या. कोणत्याही महिन्यात गेलात तरी राइड सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. हवा बिघडली तर दुसरा दिवस हाताशी हवा.

हे सुरक्षित असतं का?

रोज अशा शेकडो राइड्स जगभर होतात आणि सुखरूप उतरतात. पण जे अपघात झाले, त्यांची कारणं माहीत असायला हवीत. दोन अपघात तर प्रत्येक पर्यटकाला ठाऊक असावेत.

पहिला हवाईतल्या काउआई बेटावरचा. 26 डिसेंबर 2019 रोजी पर्यटकांना घेऊन निघालेलं हेलिकॉप्टर डोंगरावर आदळलं. पायलट आणि सहा प्रवासी, सगळे गेले. अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास यंत्रणेनं निष्कर्ष काढला की समोरचं दिसेनासं होत असतानाही पायलटनं उड्डाण चालू ठेवलं. मॉरिशसमध्येही समुद्राला लागून डोंगर आहेत आणि ढग अचानक खाली येतात. त्यामुळे हा धडा तिथेही लागू होतो.

दुसरा बेटावरचा नाही, पण थेट सोशल मीडियाशी जोडलेला. 11 मार्च 2018 रोजी न्यूयॉर्कमध्ये फोटोंसाठी दारं काढून उडवलेलं हेलिकॉप्टर ईस्ट नदीत उतरवावं लागलं. एका प्रवाशाच्या हार्नेसचा पट्टा इंधन बंद करणाऱ्या दांड्यात अडकला आणि इंजिन बंद पडलं होतं. हेलिकॉप्टर पाण्यात उलटलं. पायलट वाचला, पण पाचही प्रवासी हार्नेसमधून सुटू शकले नाहीत आणि बुडाले. त्यानंतर चटकन सुटू न शकणारे हार्नेस वापरून दारं उघडी ठेवून उडण्यावर अमेरिकेत तातडीनं बंदी आली.

बुक करण्याआधी ही यादी बघा

- हवा खराब असेल तर पूर्ण पैसे परत की फक्त तारीख बदलून? हा प्रश्न सगळ्यात आधी. कॅन्सल केल्यावर पैसे सहज परत मिळत असतील, तर 'जाऊया ना, काही होत नाही' असा आग्रह कुणीच धरत नाही.
- कंपनीकडे व्यावसायिक हवाई वाहतुकीचा परवाना आहे का? असल्यास दाखवायला सांगा.
- समुद्रावरून जाताना लाइफ जॅकेट अंगावर देतात का? ते हेलिकॉप्टरच्या आत फुगवायचं नसतं, बाहेर पडल्यावर फुगवायचं.
- बेल्ट कसा सुटतो, दार कसं उघडतं? उडण्याआधी एकदा स्वतः करून बघा.
- दारं उघडी ठेवून राइड असेल तर हार्नेस एका हातानं, कुणाच्या मदतीशिवाय सुटतो का?
- मोबाइल मनगटाला पट्ट्यानं बांधा. सेल्फी स्टिक, टोपी, ओढणी सोबत नको.
- स्कूबा डायव्हिंग केलंय का? एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान 18 तास उडू नये, असं डायव्हिंग संस्था सांगतात. 24 तास ठेवलेत तर उत्तमच. शरीरात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येऊन त्रास देऊ शकतो. म्हणून आधी राइड आणि मग डायव्हिंग, हा क्रम सोपा.
- ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये अशी राइड धरलीये का? अनेक पॉलिसींमध्ये नेहमीच्या प्रवासी विमानांखेरीज इतर उड्डाणं वगळलेली असतात.

बजेट नसेल तर?

समुद्रातला 'धबधबा' सॅटेलाइट नकाशावर ल मोर्न शोधून झूम केलं तरी ओळखू येतो. आणि मॉरिशसला गेलात, पण राइड परवडली नाही किंवा हवेमुळे रद्द झाली, तरी ल मोर्नच्या वाटेनं गाइडसोबत वर चढता येतं. लगूनचे रंग तिथूनही दिसतात, आणि ज्या कड्यावर माणसं स्वातंत्र्यासाठी लपून राहिली, तो कडा जवळून बघायला मिळतो. ते हेलिकॉप्टरमधून होत नाही.

राइडच्या दिवशी सगळं जमून आलं, तर खुशाल जा. पण ढग बघून पायलट 'आज नको' म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका. पैशांचं बोलणं परतीच्या अटी वाचून आधीच झालेलं असलं, म्हणजे हे ऐकणं सोपं जातं.