भयकथा, प्रेमकथा आणि क्वीअर साहित्य

स्त्री-पुरुष प्रेमाच्या रूढ चौकटीबाहेरचे प्रेम आणि लिंगभाव ज्या लेखनाच्या केंद्रस्थानी असतात, त्यास ‘क्वीअर साहित्य’ म्हणतात. भयकथा आणि प्रेमकथा या दोन्ही लोकप्रिय प्रकारांत असे लेखन दीर्घकाळ होत आले आहे. मात्र या दोन प्रकारांत लेखकांपुढील अडचणी निरनिराळ्या होत्या.

भयकथेत असे प्रेम वेषांतर करून येऊ शकत होते. आयरिश लेखक जोसेफ शेरिडन ले फानू यांची ‘कार्मिला’ ही कथा १८७१-७२ मध्ये प्रसिद्ध झाली. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’पूर्वी सुमारे पंचवीस वर्षे. एकाकी गढीत राहणाऱ्या लॉराच्या घरी आलेली कार्मिला तिच्यावर उत्कट प्रेम करते आणि रक्तपिपासूही असते. अखेरीस पुरुषमंडळी तिचा नाश करतात; तरीही तिची चाहूल लॉराच्या मनातून जात नाही. नायिका राक्षसी ठरली म्हणूनच त्या काळी दोन स्त्रियांमधील आकर्षण इतक्या उघडपणे छापता आले.

इस्मत चुगताई यांच्या ‘लिहाफ’ (१९४२) या उर्दू कथेत भूत नाही, पण भय आहे. रात्री भिंतीवर हलणारी रजईची सावली एका लहान मुलीला हत्तीसारखी भासते. बेगम आणि तिची दासी यांच्या संबंधाचे नाव कथेत कोठेही येत नाही. या कथेवर लाहोरच्या न्यायालयात अश्लीलतेचा खटला चालला. चुगताई निर्दोष ठरल्या.

प्रेमकथेत खरा प्रश्न शेवटाचा होता. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९१३-१४ मध्ये ‘मॉरिस’ लिहिली. तीत दोन पुरुषांचे मीलन सुखान्त असावे, असा त्यांचा आग्रह होता. इंग्लंडमध्ये तेव्हा असे संबंध गुन्हा होते. १९२१ मध्ये फॉर्स्टर इंदूरजवळच्या देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव होते. तेव्हा ही कादंबरी लिहून काही वर्षे लोटली होती. ती छापली गेली १९७१ मध्ये, लेखकाच्या निधनानंतर. पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ ही दोन स्त्रियांची आशादायी शेवटाची प्रेमकथा १९५२ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध केली. त्यावर स्वतःचे नाव घालण्यास त्यांना १९९० साल उजाडले.

मराठीतही शेवटांचा हा प्रवास दिसतो. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकाची नायिका आत्महत्या करते. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत भाऊ आणि बहीण एकाच तरुणावर प्रेम करतात व तो दोघांनाही सोडून जातो. येथे विरह आहे, पण भावाचे दुःख बहिणीच्या दुःखाहून हलके किंवा लज्जास्पद मानलेले नाही. दोघांना आपापली कहाणी सांगण्यास स्वतंत्र भाग दिला आहे.

पुढील काळात भयकथेचाही रोख बदलला. ज्युएल गोमेझ यांच्या ‘द गिल्डा स्टोरीज’ (१९९१) या कादंबरीत गुलामीतून पळालेली कृष्णवर्णीय मुलगी रक्तपिपासू बनते आणि आपल्यासारख्यांचे कुटुंब जोडते. येथे भयाचा उगम तिच्या प्रेमात नसून भोवतालच्या हिंसेत आहे.

अशा कथा वाचताना आणि लिहिताना दोन प्रश्न उपयोगी पडतात. कथेतील भीती नेमकी कोणाची आहे? आणि शेवटच्या पानावर कोण जिवंत राहते? दुःखान्त वर्ज्य नाही. मात्र तो पात्राच्या स्वभावातून व परिस्थितीतून आला आहे की केवळ प्रेमाची शिक्षा म्हणून, हे तपासले पाहिजे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. तरी घराघरांतील भय एका निकालाने सरत नाही. एकाकी वाचकाला आपल्यासारखे पात्र कथेच्या अखेरीपर्यंत जगलेले भेटणे, हे म्हणूनच आजही महत्त्वाचे आहे.