पायाची धमनी मोकळी झाल्यानंतर कोलेस्टेरॉलचे काय?

चालताना पोटरीत गोळा यावा, काही मिनिटे थांबल्यावर तो नाहीसा व्हावा आणि तेवढेच अंतर चालल्यावर पुन्हा यावा, हे पायाच्या धमनीत अडथळा असल्याचे ठळक लक्षण होय. आपल्याकडे ते बहुधा वाताच्या किंवा वयाच्या खात्यावर टाकले जाते. घोटा आणि दंड येथील रक्तदाबांचे गुणोत्तर ०.९० किंवा त्याहून कमी आढळल्यास या आजाराचे निदान करतात.

अँजिओप्लास्टीचा उगम हृदयात नव्हे, तर पायात झाला. अमेरिकेतील पोर्टलंड येथे १६ जानेवारी १९६४ रोजी डॉ. चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका महिलेची मांडीतील धमनी नळीच्या साह्याने रुंद केली आणि गँगरीनमुळे कापावा लागणारा तिचा पाय वाचला. आता फुगा, स्टेंट किंवा बायपास यांनी ही धमनी मोकळी होते. मात्र धमन्यांचा आजार एका जागेपुरता नसतो. अशा रुग्णांना पायापेक्षा हृदयविकार व पक्षाघाताचा धोका अधिक असतो.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नसल्याने ते प्रथिनांच्या वेष्टनातील सूक्ष्म कणांतून रक्तात फिरते. नेहमीच्या तपासणीत एलडीएलचा आकडा येतो तो या कणांत भरलेल्या कोलेस्टेरॉलचा, कणांच्या संख्येचा नव्हे. तेवढाच माल थोड्या मोठ्या गाड्यांतून जाऊ शकतो किंवा पुष्कळ छोट्या गाड्यांतून. धमनीच्या अस्तरात शिरतो तो कण. त्यामुळे संख्या महत्त्वाची. ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी आणि एलडीएलचे कण लहान व दाट, हे चित्र भारतीयांत, विशेषतः मधुमेह व सुटलेले पोट असणाऱ्यांत, वारंवार दिसते. अशा वेळी एलडीएलचा ‘नॉर्मल’ आकडा फसवा ठरू शकतो. धमनीला घातक अशा प्रत्येक कणावर एपोबी या प्रथिनाचा एकच रेणू असतो. म्हणून एपोबी मोजणे म्हणजे जणू कणांची शिरगणतीच.

लायपोप्रोटीन (ए) हा कण मात्र वेगळा. त्याचे प्रमाण आनुवंशिक असते. पथ्याने ते फारसे हलत नाही, स्टॅटिननेही उतरत नाही. दर डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमहून अधिक प्रमाण जोखमीचे मानतात. बहुतेकांना ही तपासणी आयुष्यात एकदा पुरते.

उपचारानंतर वर्षभरात तीच जागा पुन्हा अरुंद झाली की ‘गोळ्यांचा उपयोग झाला नाही’ अशी समजूत होते. ही अरुंदता मुख्यतः धमनीची जखम भरून येताना वाढणाऱ्या स्नायुपेशींमुळे येते. कोलेस्टेरॉलचे काम संथ चालते, आणि ते इतरत्रही चालू असते. म्हणूनच एलडीएल कितीही असले तरी या रुग्णांना स्टॅटिन देतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’त रोज ४० मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्या अशा रुग्णांतील हृदयविकार व पक्षाघातासारख्या घटना सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्या होत्या. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी एलडीएल ५५ च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी अनेकदा स्टॅटिनला एझेटिमाइबची जोड द्यावी लागते.

अँजिओप्लास्टीनंतर जांघेत काळेनिळे पडणे आणि बायपासनंतर काही आठवडे पाय सुजणे नेहमीचे आहे. घरी आराम करत बसण्याने मात्र नुकसानच होते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दुखू लागेपर्यंत चालावे, थांबावे, पुन्हा चालावे; आठवड्यातून किमान तीनदा, प्रत्येक वेळी ३० ते ४५ मिनिटे, निदान १२ आठवडे. विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री पूर्ण बंद. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, दात काढायचा असला तरी, परस्पर थांबवू नये. पाय एकाएकी थंड, पांढरा व बधिर पडला, तर शेक किंवा मालिश करण्यात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. पाय वाचवण्यासाठी हाती काही तासच असतात.