नोकरीचे वचन : गुन्हा ते परवाना

परदेशातील मनाजोगत्या नोकरीचे स्वप्न पाहणाऱ्या मराठी तरुणाला नातेवाईक, मित्र आणि शिक्षक बहुधा एकच प्रश्न प्रथम विचारतात : 'कंपनी व्हिसा करून देते का?' या प्रश्नाला कायद्याच्या परिभाषेत स्पॉन्सरशिपचा प्रश्न म्हणतात. मराठीत त्यासाठी 'प्रायोजकत्व' हा शब्द काढला गेला. परंतु त्याला क्रिकेटच्या सामन्यांचा आणि दूरदर्शनवरील मालिकांचा वास इतका चिकटला आहे, की जगण्यामरण्याच्या गोष्टीसाठी तो वापरताना जीभ अडखळते. 'स्पॉन्सर' या शब्दाचा लॅटिन अर्थ मात्र गंभीर आहे : दुसऱ्यासाठी वचन देणारा, हमी घेणारा. ख्रिस्ती बाप्तिस्म्यात अजाण बालकाच्या वतीने जो बोलतो तो स्पॉन्सर. आपल्या भाषेत त्याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द म्हणजे 'जामीन'. जामीन राहणाऱ्याची पत असते. ज्याच्यासाठी तो राहतो त्याची केवळ गरज असते.

हा जामीन कायद्यात आला कोठून, याचा शोध अमेरिकेच्या इतिहासात घेऊ लागलो की एक विलक्षण विरोध दिसतो. नोकरीचे वचन हाती नसेल तर नोकरदार म्हणून आज त्या देशाचे दार सहसा उघडत नाही. परंतु एके काळी त्याच देशात असे वचन हाती असणे हाच प्रवेशाला अडथळा होता. या दोन टोकांमधील प्रवास पाहिल्याशिवाय आजच्या उमेदवाराची अवस्था नीट कळत नाही, असे मला वाटते.

यादवी युद्धाच्या काळात अमेरिकेला माणसांची टंचाई भासत होती. १८६४च्या कायद्याने परदेशात केलेले मजुरीचे करार ग्राह्य ठरवले. प्रवासखर्चाच्या फेडीसाठी येणाऱ्याने आपली बारा महिन्यांपर्यंतची मजुरी तारण ठेवावी, अशी सोय त्यात होती. हा कायदा १८६८मध्ये रद्द झाला. पुढे मंदी आली, संप झाले. मालकवर्ग संप मोडण्यासाठी आणि मजुरीचे दर पाडण्यासाठी युरोपातून माणसे करार करून आणतो, अशी तक्रार 'नाइट्स ऑफ लेबर' ही कामगार संघटना करू लागली. ओहायोचे प्रतिनिधी मार्टिन फोरन यांनी मांडलेला कायदा फेब्रुवारी १८८५मध्ये मंजूर झाला. परदेशी माणसाचे भाडे आगाऊ भरून, किंवा आधी करार करून, त्याला 'कोणत्याही प्रकारच्या श्रमासाठी वा सेवेसाठी' देशात आणणे हा त्यान्वये गुन्हा ठरला. दंड दर माणशी एक हजार डॉलर. अपवाद थोडे : नट, कलावंत, व्याख्याते, गायक, घरगुती नोकर, आणि देशात नव्याने सुरू होणाऱ्या उद्योगासाठी लागणारे, तेथे न मिळणारे कुशल कारागीर.

या कायद्याच्या पहिल्या मोठ्या खटल्यात कोणी कारखानदार अडकला नाही. अडकले ते एक चर्च. न्यूयॉर्कच्या होली ट्रिनिटी चर्चने १८८७मध्ये इंग्लंडमधील ई. वॉलपोल वॉरन या धर्मोपदेशकाशी करार केला आणि तो तेथे येऊन काम करू लागला. आजच्या भाषेत चर्चने त्याला स्पॉन्सर केले होते. अपवादांच्या यादीत गायक होते, नट होते, धर्मोपदेशक नव्हता. खालच्या न्यायालयाने अक्षराला अक्षर लावून चर्चला दोषी धरले. १८९२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायमूर्ती ब्रूअर यांचा युक्तिवाद साहित्याच्या कोणत्याही वर्गात वाचून दाखवावा असा आहे. एखादी गोष्ट कायद्याच्या अक्षरात बसूनही त्याच्या आशयाबाहेर असू शकते, हे त्यांचे सूत्र. कायद्याचे शीर्षक काय, तो कोणत्या अनर्थावर उपाय म्हणून आला, समितीचा अहवाल काय सांगतो, हे सारे त्यांनी तपासले. संसदेला रोखायचे होते ते स्वस्त, अकुशल मजूर. बुद्धीने कष्ट करणारे नव्हेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हे राष्ट्र ख्रिस्ती आहे, अशी जोडही त्याला दिली.

येथे संहितेच्या अर्थनिर्णयाची एक जुनी चर्चा आहेच. पण त्याहून महत्त्वाचे काही घडले. हाताने राबणारा आणि डोक्याने राबणारा अशी रेघ न्यायालयाने कायद्यात ओढली. पहिला करार करून आला तर संशयित, दुसरा करार करून आला तर सन्माननीय. संसदेने तर निकालाच्या आधीच, १८९१मध्ये, धर्मोपदेशक आणि महाविद्यालयीन प्राध्यापक यांना अपवादांच्या यादीत घेतले होते. त्या रेघेचा पत्ता पुढे शंभर वर्षांनी पुन्हा लागतो.

त्याच १८९२च्या प्रारंभी एलिस बेटावरचे तपासणी केंद्र उघडले. तेथे उतरणाऱ्याला विचारत : 'काम ठरले आहे काय?' 'होय' म्हणावे तर कराराने आणलेला मजूर म्हणून परत पाठवणी. 'नाही' म्हणावे तर हा उद्या सरकारवर भार होईल अशी शंका. म्हणून जाणकार उतारू सांगत की काम ठरलेले नाही, पण अंगात बळ आहे आणि काम मिळेल अशी खात्री आहे. स्वप्न असावे, त्याला पत्ता मात्र नसावा, अशी ही परीक्षा होती.

आपल्याकडची माणसे या काळात कोठे होती? आनंदीबाई जोशी १८८३मध्ये, म्हणजे हा कायदा येण्याआधी, अमेरिकेला गेल्या. त्यांना जामीन असलेच तर रोझेल येथील कार्पेंटरबाई. त्यांचे घर आणि त्यांचा पत्रव्यवहार. १८८६मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि नोकरीचे बोलावणे आले ते कोल्हापूरहून. विद्या तिकडची, नोकरी इकडची, असा तो क्रम होता. दुसरीकडे, कोकणासह मुंबई इलाख्यातले मराठी मजूर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेले, ते कराराखाली. त्या कराराला मजुरांनी 'गिरमिट' केले. गिरमिटात नोकरी, जहाजभाडे आणि मालक एकाच कागदात असत. आणि मालक सोडला तर कायदा पाठीशी नसे, पाठीवर असे. १८८५च्या अमेरिकी कायद्यामागे स्वार्थ होता, वंशद्वेषही होता. परंतु आगाऊ करार माणसाला मालकाशी बांधतो, ही त्यातली भीती अगदीच निराधार नव्हती.

भारतीयांपुरते पाहिले तर तो वाद पुढे निरर्थकच झाला, कारण १९१७च्या कायद्याने आशियाचा फार मोठा भाग वर्ज्य ठरवला. त्याच्या अपवादांत शिक्षक, विद्यार्थी, वैद्य, अभियंते यांच्याबरोबर लेखकही होते, हे जाता जाता नोंदवावे. १९२३मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व नाकारले गेले. १९४६मध्ये तो हक्क मिळाला आणि वर्षाला शंभर भारतीयांची वाट मोकळी झाली.

खरी उलथापालथ त्यानंतरची. १९५२च्या कायद्याने कराराच्या मजुरीवरची जुनी बंदी काढली आणि मालकाच्या अर्जाला प्रतिष्ठा दिली. देशात हवे असलेले शिक्षण व कौशल्य असणाऱ्यांना अग्रक्रम मिळाला. तात्पुरत्या कामासाठी 'एच' हा वर्गही तेव्हाचाच. त्यातला एक तपशील पुढे उलटा झाला, तो बोलका आहे. १९५२मध्ये बाहेरच्या कामगाराला अडवायचे तर श्रममंत्र्याने 'देशात पुरेसे कामगार आहेत' असे प्रमाणित करावे लागे. १९६५च्या कायद्याने हे फिरवले : देशात कामगार उपलब्ध नाहीत असे श्रममंत्र्याने प्रमाणित केल्याखेरीज बाहेरच्याने येऊ नये. अडवण्यासाठी लागणारा दाखला आत येण्यासाठी लागू लागला. राष्ट्रवार कोटा रद्द करणारा उदार कायदा म्हणून १९६५चे स्मरण होते आणि ते योग्यच आहे. त्याच दाराने आपले डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक गेले आणि १९८१मध्ये उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापण्याइतका समाज उभा राहिला. परंतु नोकरीच्या वाटेने जाणाऱ्यासाठी जामिनाची अट पक्की झाली तीही तेव्हाच.

१९९०च्या कायद्याने 'एच-वन-बी'ला आजचे रूप दिले : पदवीची आवश्यकता असलेला विशेष व्यवसाय, वर्षाला ६५,००० व्हिसांची मर्यादा, प्रचलित दराहून कमी वेतन देणार नाही अशी मालकाची लेखी कबुली. ब्रूअर यांची रेघ येथे पुन्हा भेटते; बुद्धीने राबणारा आत, हाताने राबणाऱ्यासाठी वेगळी, अरुंद खिडकी. संगणकक्षेत्राच्या भरतीच्या काळात मर्यादा १,९५,००० पर्यंत नेली गेली (२००१ ते २००३), पुन्हा ६५,००० वर आली, आणि अमेरिकी विद्यापीठांच्या उच्च पदवीधरांसाठी २०,००० जागांची भर २००४च्या कायद्याने पडली. मागणी वाढली तशी सोडत आली. विद्यापीठांना मात्र २०००च्या कायद्याने या मर्यादेतून वगळले. १८९१च्या प्राध्यापकाचा अपवाद वेगळ्या वेषात टिकला म्हणायचा. सप्टेंबर २०२५मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या घोषणापत्राने देशाबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार घातला. १८८५मध्ये करार करून माणूस आणला तर हजार डॉलर दंड होता. एकशेचाळीस वर्षांनी आणण्याची परवानगी मागायला लाख डॉलर मोजावे लागावेत, हा योगायोग इतिहासाला शोभणारा आहे.

परंतु पैशाहून अधिक बोलते ती अर्जाची भाषा. या अर्जात 'अर्जदार' मालक असतो. ज्याचे स्वप्न, ज्याची पदवी, ज्याचे घर उचलून न्यायचे, तो कागदावर 'लाभार्थी' असतो. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर तो आपल्याच आयुष्याच्या वाक्यात कर्ता नाही. चतुर्थीत उभा आहे. यातून पुढचे सारे निघते. नोकरी गेली तर वास्तव्याचा आधार जातो. २०१७च्या नियमाने त्याला कमाल साठ दिवसांची मुदत दिली. मालक बदलता येतो, पण नव्या मालकाने नवा अर्ज करावा लागतो. कायम वास्तव्यासाठी पुन्हा मालकच श्रमखात्याकडे जातो, आणि एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही या नियमामुळे भारतीयांची रांग दशकांमध्ये मोजावी लागते. रांगेत मुले एकवीस वर्षांची होतात आणि आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतात.

याला आधुनिक गिरमिट म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरला पाहिजे. मळा सोडणाऱ्या मजुराला तुरुंग होता. संगणक-अभियंत्याला वेतन, न्यायालय आणि परतीचे विमान आहे. हे अंतर पुसणे म्हणजे गिरमिटियांच्या दुःखाचा अवमान करणे होय. मात्र रचनेतले एक साम्य नाकारता येत नाही : काम देणारा आणि राहू देणारा एकच असतो. पगारवाढ मागताना, अपमान गिळताना, वरिष्ठाला 'नाही' म्हणताना हे साम्य कामाच्या खोलीत अदृश्यपणे बसलेले असते.

आपल्या साहित्याने या स्थलांतराकडे पाहिले ते बहुधा मागे राहिलेल्यांच्या डोळ्यांनी. जयवंत दळवी यांच्या 'संध्याछाया'तले वृद्ध आईवडील अमेरिकेतल्या मुलाची वाट पाहतात. त्या वाट पाहण्यात पत्र आहे, फोटो आहे, घराचे रितेपण आहे. गेलेल्याच्या बाजूचे साहित्य स्मरणरंजन, दोन संस्कृतींची ओढाताण, मुलांची भाषा यांत रमले. मुलगा का येत नाही, याचे उत्तर आपण स्वभावात, मोहात, फार तर सुनेत शोधत आलो. कधी ते एका प्रलंबित अर्जात असते. देशाबाहेर पडलो आणि शिक्का वेळेत मिळाला नाही तर नोकरी जाईल, या भीतीत असते. ही भीती फोनवर आईला सांगता येत नाही, आणि म्हणून तिला कथेत जागा मिळत नाही.

स्वप्नातली नोकरी शोधणाऱ्याला इतिहास व्हिसा मिळवून देणार नाही. पण नकार आला तर तो आपल्या गुणवत्तेवरचा शेरा नव्हे, एवढे तो निश्चित सांगतो. वॉलपोल वॉरन याच्या विद्वत्तेविषयी त्या खटल्यात कोणाला शंका नव्हती. प्रश्न होता तो यादीत कोणता शब्द राहून गेला याचा. आजही एखाद्या विद्यार्थिनीचा अर्ज सोडतीत निघत नाही तेव्हा तिचा प्रबंध कोणी वाचलेला नसतो. तिने मालकाला विचारावयाचे प्रश्न मात्र हा इतिहास तिच्या हाती ठेवतो : अर्ज कोणत्या वर्गात करणार, कायम वास्तव्याचा अर्ज करणार की नाही आणि कधी, नोकरी संपली तर काय, आणि माझ्या नावाने केलेल्या कागदांची प्रत मला मिळेल काय. जामीन राहणाऱ्याला इतके विचारणे हा उद्धटपणा नव्हे. ज्या वाक्यात आपण चतुर्थीत उभे आहोत, ते निदान पुरते वाचून सही करावी, एवढाच त्याचा अर्थ.