मर्मर
इंग्रजीतलं 'मर्मर' हे क्रियापद फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आलं. लॅटिनमध्ये त्यात समुद्राची गाजही मावायची. इंग्रजीत ते दबक्या आवाजातलं बोलणं झालं, शिवाय कुरकुरही. डॉक्टर तर हृदयातल्या जादा आवाजालाही तेच म्हणतात. आपल्या अमरकोशाने मात्र संस्कृतातला 'मर्मर' नेमका बांधून टाकला: वस्त्रांचा आणि पानांचा आवाज. कालिदासाने 'कुमारसंभवा'त तो वनातल्या गळत्या पानांना दिला. मराठी रमली ती 'सळसळी'त, आणि बरंच झालं. लक्ष्मी रोडवर दुकानदार गादीवर पैठणीची घडी झटक्यात उलगडतो, तेव्हा कानावर 'स'च येतो. दारच्या पिंपळातही तोच. 'म'ला ओठ मिटावे लागतात. रेशमाला कुठले ओठ?