आज तरी हिट मिळणार का?

१९४१च्या उन्हाळ्यात अमेरिकेत लोक एकमेकांना रोज विचारत होते, “जो डिमॅजिओला आज हिट मिळाली का?” २२ जूनला जर्मनीनं सोव्हिएत रशियावर हल्ला केला, तरी हा प्रश्न मागे पडला नाही.

बेसबॉलमध्ये हिट म्हणजे चेंडू मारून, क्षेत्ररक्षकाच्या चुकीचा फायदा न घेता, सुखरूप बेसवर पोचणं. दहापैकी तीनदा हे जमलं तरी बॅटर उत्तम मानला जातो. न्यूयॉर्क यँकीजच्या डिमॅजिओनं १५ मेपासून सलग ५६ सामन्यांत किमान एक तरी हिट मिळवली. आधीचा विक्रम ४४ सामन्यांचा, विली कीलरचा, १८९७ सालचा. नंतर १९७८मध्ये पीट रोझही ४४वरच थांबला.

अशी मालिका किती टिकेल? मी फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर हिशेब करून पाहिला, तुम्हीही करा. समजा बॅटरची सरासरी .३५० आहे आणि सामन्यात त्याला चार संधी मिळतात. चारही हुकण्याची शक्यता सुमारे १८ टक्के, म्हणजे हिट मिळण्याची ८२ टक्के. आजच्यापुरतं निर्धास्त राहायला हरकत नाही. पण पुढचे दहाही सामने साधण्याची शक्यता जेमतेम १४ टक्के. आणि ५६ सामने? साधारण ६० हजारांत एक. प्रत्येक सामना स्वतंत्र धरला, तर मालिका पाच सामन्यांची असो की पन्नास, पुढच्या दहांचं उत्तर तेच १४ टक्के. मागचं पुण्य पुढे कामाला येत नाही.

नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनीही बेसबॉलमधल्या अशा मालिकांचा हिशेब मांडला होता. त्यांच्या मते बाकी सगळं संभाव्यतेच्या चौकटीत बसतं. ही एकच मालिका घडायला नको होती. स्टीफन जे गूल्ड या जीवाश्मशास्त्रज्ञानं १९८८मध्ये त्यावर एक सुंदर निबंध लिहिला.

कौशल्य होतंच, पण नशीबही होतं. १७ जूनला एक साधा चेंडू वेडावाकडा उसळून शिकागोच्या ल्यूक ॲपलिंगच्या खांद्यावर आदळला आणि ती हिट ठरली. मालिका तिथेच, ३०व्या सामन्यात, संपू शकली असती. २९ जूनला वॉशिंग्टनमध्ये दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत त्याची आवडती बॅट चोरीला गेली. त्यानं सहकाऱ्याची बॅट घेऊन हिट मारली.

मला मात्र या गोष्टीत जास्त ओढून घेतो तो टेड विल्यम्स. त्याच ५६ सामन्यांच्या काळात डिमॅजिओची सरासरी होती .४०८ आणि बोस्टनच्या विल्यम्सची .४१२. संपूर्ण मोसमातही विल्यम्स .४०६, डिमॅजिओ .३५७. तरीही लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळाला डिमॅजिओला. त्या निकालाला इतरही कारणं होती, पण मालिकेचा प्रभाव नाकारता येत नाही. सरासरी दिलदार असते. आज चुकलात तर उद्या भरून काढा, म्हणते. मालिका एका वाईट दिवसात संपते, म्हणूनच लोक श्वास रोखून तिच्याकडे बघतात. रोज अमुक इतके दिवस सलग म्हणून आकडा दाखवणारी आपल्या फोनवरची ॲप्स याच भीतीवर चालतात. आपण चांगलं खेळतोय का, हे मात्र तो आकडा सांगत नाही.

१७ जुलैला क्लीव्हलँडमध्ये ६७ हजारांवर प्रेक्षक जमले होते. डिमॅजिओनं दोनदा तिसऱ्या बेसजवळून सणसणीत फटके मारले, दोन्ही वेळा केन केल्टनरनं आडव्या हातानं चेंडू अडवून त्याला बाद केलं. आठव्या डावात चेंडू पुन्हा एकदा विचित्र उसळला, पण या वेळी लू बूड्रोनं तो पकडला. मालिका संपली.

दुसऱ्या दिवशी त्याला हिट मिळाली. नंतरचे सलग १६ सामने मिळतच राहिली. एकूण ७३ सामन्यांपैकी ७२. त्या एका सामन्यात डिमॅजिओ वाईट खेळला होता, असं मला कुठूनही दिसत नाही.