बाप्तिस्मा, तारण आणि जात

बाप्तिस्म्यावाचून तारण आहे काय, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. युरोपात तो मुख्यतः ईश्वरी कृपेचा आणि संस्काराच्या सामर्थ्याचा प्रश्न होता. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात मात्र त्याला पंक्तीचा, वारशाचा आणि संसाराचा अर्थ येऊन चिकटला. परिणामी मराठी ख्रिस्ती लेखकांना हा प्रश्न धर्मशास्त्राच्या ग्रंथांतून सोडविण्याआधी स्वतःच्या घरात सोडवावा लागला. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनाकडे व जीवनक्रमाकडे या दृष्टीने पाहिले, तर एकाच प्रश्नाची चार वेगळी उत्तरे हाती येतात.

मूळ धर्मवचनांतच ताण आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू निकदेमाला पाणी आणि आत्मा यांपासून होणाऱ्या नव्या जन्माची अट सांगतो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस श्रद्धा आणि बाप्तिस्मा या दोहोंचा तारणाशी संबंध जोडलेला आहे. परंतु दंड सांगताना तेथे केवळ अश्रद्धेचा उल्लेख येतो, बाप्तिस्मा न घेतल्याचा येत नाही. लूकच्या शुभवर्तमानात तर येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या गुन्हेगाराला त्याच दिवशी सुखलोकाचे आश्वासन मिळते, आणि त्याच्या मस्तकी कोणी पाणी घातलेले नव्हते. पुढे बाप्तिस्म्यापूर्वीच हुतात्मा झालेल्यांसाठी रक्ताचा बाप्तिस्मा ही कल्पना रूढ झाली. इ. स. ३९२ मध्ये सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्याची प्रतीक्षा करीत असतानाच मरण पावला, तेव्हा संत अँब्रोजने त्याची इच्छाच त्याला पुरेशी ठरली असे प्रतिपादन केले. संत ऑगस्टीनने मात्र मूळ पापाच्या सिद्धान्ताला धरून बाप्तिस्म्याविना मेलेल्या अर्भकांनाही तारण नाकारले. तो दंड अत्यंत सौम्य असेल, एवढीच सवलत त्याने दिली.

या दोन प्रवाहांची सांगड घालण्याचा प्रयत्न ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये केला. बाप्तिस्मा आवश्यक, निदान त्याची इच्छा तरी आवश्यक, असे तिचे सूत्र होते. प्रॉटेस्टंटांमध्ये एकवाक्यता नव्हती. ल्यूथरने या संस्काराचे महत्त्व राखले, झ्विंग्लीने त्याला मुख्यतः चिन्ह मानले, आणि सतराव्या शतकातील क्वेकरांनी पाण्याचा विधीच बाजूला ठेवला. सिद्धान्तातला हा मतभेद केवळ पंडितांपुरता नव्हता. बाप्तिस्म्यावाचून मुक्ती नाही ही समजूत राजसत्तेशी जोडली गेली म्हणजे काय घडते, हे गोव्याने पाहिले. १५५९ मध्ये पोर्तुगीज राजाज्ञेने तेथील अनाथ हिंदू मुले बाप्तिस्म्यासाठी धर्मसंस्थेच्या स्वाधीन करण्याची तरतूद झाली. मुलांच्या आत्म्याचे कल्याण हेच त्या आज्ञेचे समर्थन होते.

ब्रिटिश मुंबई इलाख्यातली परिस्थिती निराळी होती. तेथे मिशनऱ्यांच्या हाती सत्ता नव्हती. शिवाय १८१३ पासून मुंबईत काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा काँग्रिगेशनल पंथाची असल्यामुळे पाण्यातच तारणाची शक्ती आहे असे ती मानीत नव्हती. श्रद्धेने तारण होते आणि बाप्तिस्मा ही त्या श्रद्धेची जाहीर खूण होय, अशी तिची शिकवण होती. म्हणजे शास्त्राने अट सैल केली होती. तरीही मराठी घरांत बाप्तिस्म्याचे भय यत्किंचितही कमी झाले नाही. कारण हिंदू समाज तारणाचा हिशेब करीत नव्हता. तो जातीचा हिशेब करीत होता, आणि त्या हिशेबात बाप्तिस्मा म्हणजे जिवंतपणीचे मरण होते.

१८४३ चे शेषाद्री प्रकरण या बाबतीत उद्बोधक आहे. नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या आश्रयास गेला होता, परंतु त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. न्यायालयाने त्याला आईबापांच्या स्वाधीन केले. मग वाद उभा राहिला तो असा, की त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताचा पक्ष घेतला आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला. मुलगा ख्रिस्ती झालेला नाही, हे सर्वांनाच मान्य होते. तो ख्रिस्त्यांच्या हातचे जेवला, हा खरा आक्षेप होता. चर्चच्या दृष्टीने अजून काहीच घडले नव्हते. जातीच्या दृष्टीने सर्व काही घडून गेले होते.

कायद्यानेही ही गाठ ओळखली. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसाहक्क सुरक्षित केला. १८६६ च्या कायद्याने, धर्मांतरिताशी संसार करण्यास त्याचा जोडीदार तयार नसल्यास विवाह मोडण्याची वाट दिली. बाप्तिस्म्याने इस्टेट आणि विवाह दोन्ही संकटात सापडतात, हे या दोन कायद्यांच्या अस्तित्वावरूनच सिद्ध होते.

बाबा पदमनजींचा प्रवास या काळातला. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेशी त्यांचा संबंध होता. या सभेचे सभासद जातिभेद मानीत नसत. प्रवेशाच्या वेळी ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खात. पण हे सर्व गुप्तपणे. १८६० मध्ये सभासदांची नावे उघडकीस येताच सभा विसकटली. पदमनजींना अंतरीची खात्री आणि उघड उच्चार यांतले हे अंतर आतून ठाऊक होते. त्यांनी १८५४ मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेतला आणि १८८८ च्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्याआधीची घालमेल तपशिलाने नोंदविली. श्रद्धा आधी आली होती; बाप्तिस्मा मागे राहिला होता, तो घरच्यांच्या दुःखाच्या धाकाने. त्यांच्या लेखी बाप्तिस्म्याची आवश्यकता पाण्याच्या गुणातून येत नाही, प्रामाणिकपणातून येते. जे मनात पटले ते चारचौघांत न कबूल करणे हीच त्यांना आत्म्याची हानी वाटली. परमहंस सभेची गत पाहता या उत्तरातली नैतिक निकड नाकारता येत नाही.

पंडिता रमाबाईंचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तथापि त्यांनी आपली बुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात त्रैक्यापासून धर्माधिकाऱ्यांच्या अधिकारापर्यंत अनेक मुद्द्यांवर त्या निर्भयपणे वाद घालतात. पुढे १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिताना त्यांनी सांगितले, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळून चुकले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, स्वतः ख्रिस्त मात्र सापडलेला नव्हता. पदमनजींच्या बाबतीत श्रद्धेने संस्काराची वाट पाहिली. रमाबाईंच्या बाबतीत संस्काराने श्रद्धेची वाट पाहिली. संस्कार झाला म्हणजे तारण झाले, या समजुतीला त्या काळच्या सर्वांत विख्यात मराठी ख्रिस्ती स्त्रीनेच दिलेला हा छेद आहे.

याच सुमारास महात्मा फुल्यांनी प्रश्नाची चौकटच बदलून पाहिली. येशूविषयी त्यांना आदर होता, ‘गुलामगिरी’मध्ये (१८७३) त्यांनी त्याला पाश्चात्यांच्या बळीराजाच्या रूपात पाहिले, पण बाप्तिस्मा घेतला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. त्यातल्या पत्नीने हवे तर बौद्ध व्हावे, पतीने ख्रिस्ती, मुलीने मुसलमान आणि मुलाने सत्यधर्मी. सर्वांनी एकाच घरात प्रेमाने नांदावे. धर्म व्यक्तीचा आणि घर सर्वांचे, हे ते चित्र. वास्तवातले घर किती दूर होते, हे पुढल्या चारच वर्षांत दिसले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला नवा करार, त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने लागलेला वेध आणि ख्रिस्ती नियतकालिकाशी निनावी केलेला पत्रव्यवहार, असा त्यांचा मार्ग होता. त्यांना तारणाचा लाभ झाला. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला मात्र लहानग्या दत्तूसह सुमारे पाच वर्षांचा वियोग आला. नवरा जिवंत असून तिला त्याच्याजवळ जाता येईना. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये या काळाचे जे वर्णन आहे, त्याला धर्मशास्त्रीय वादांच्या ग्रंथांत तोड नाही, कारण बाप्तिस्म्याची किंमत तो घेणाराच देतो असे गृहीत धरण्याची ज्या ग्रंथांना सवय आहे, त्यांना न घेणाराही ती देतो हे ठाऊक नसते.

लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या त्या प्रारंभी सोवळेओवळे सांभाळूनच. त्यांचे परिवर्तन पाण्यापासून सुरू झालेच, पण ते बाप्तिस्म्याचे पाणी नव्हे, पिण्याचे. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केला आहे, हे उमगल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय त्यांनी केला, बाप्तिस्मा त्यानंतरचा. येथे क्रमच निराळा आहे: आधी जात गळाली, मग श्रद्धा आली, आणि संस्काराने केवळ झालेल्या गोष्टीवर शिक्कामोर्तब केले. त्यामुळे बाप्तिस्म्यात तुटण्यासारखे त्यांच्यापुरते काही उरलेच नव्हते.

टिळकांना या सर्वांचा अर्थ उशिरा, पण स्पष्ट उमगला असावा. बाप्तिस्मा घेणारा माणूस ख्रिस्ताकडे येतो खरा, पण त्याच पावली आपल्या लोकांतून उठून मिशनच्या आवारात जातो. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ते साताऱ्यास गेले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांचा बंधुसंघ, हे त्याचे वैशिष्ट्य. स्वतः बाप्तिस्मा घेतलेल्या आणि त्यासाठी घर उद्ध्वस्त झालेले पाहिलेल्या माणसाने तो प्रवेशाची अट म्हणून काढून टाकावा, ही साधी गोष्ट नव्हे. त्यांनी संस्कार नाकारला नाही. संस्कार आणि जात यांची गाठ सोडविली. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही.

हा विचार केवळ मराठी नव्हता. गुजरातेतील मणिलाल पारेख यांनी १९१८ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तो आध्यात्मिक संस्कार आहे, समाजांतर नव्हे, असा आग्रह धरला. मद्रासेत कंदस्वामी चेट्टी यांनी ख्रिस्तावरील श्रद्धा जाहीर करूनही बाप्तिस्मा घेतला नाही. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास एम. एम. थॉमस आणि लेस्ली न्यूबिगिन यांच्यात हाच वाद नव्याने झाला. दृश्य मंडळीवाचून ख्रिस्तनिष्ठा टिकेल काय, हा न्यूबिगिन यांचा प्रश्न दरबाराच्या अल्पायुष्याकडे पाहता फोल म्हणता येत नाही. दरम्यान रोमन कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ मध्ये, स्वतःच्या दोषावाचून शुभवर्तमानाला अपरिचित राहिलेल्यांनाही तारण शक्य असल्याचे मान्य केले. २००७ मध्ये त्याच्या धर्मशास्त्रीय आयोगाने बाप्तिस्म्याविना मृत्यू पावलेल्या अर्भकांच्या तारणाची आशा बाळगण्यास आधार असल्याचे म्हटले. ऑगस्टीनची छाया अशा रीतीने बरीच मागे सरली.

तरी टिळकांचा प्रश्न या निवेदनांनी पुरता मिटत नाही. ती निवेदने ज्यांना बाप्तिस्मा मिळाला नाही त्यांच्याविषयी आहेत. टिळकांचा दरबार ज्यांना तो घ्यावासा वाटूनही आपल्या माणसांना सोडवत नव्हते त्यांच्यासाठी होता. पदमनजींच्या उत्तरात सत्यनिष्ठा आहे, टिळकांच्या उत्तरात करुणा आहे. पहिल्यावाचून श्रद्धा गुप्त सभेसारखी विरून जाते. दुसऱ्यावाचून ती मागे राहिलेल्यांचे दुःख विसरते. बाप्तिस्मा तारणाला आवश्यक आहे की नाही, याचा निवाडा चर्चने करावा. त्यासाठी आईला मुलापासून आणि पत्नीला पतीपासून तुटावे लागणे मात्र तारणाला कधीच आवश्यक नव्हते. ती अट जातीने घातली होती, आणि मिशनांनी आपली वेगळी आवारे उभारून ती फार काळ निमूटपणे पाळली.